बेंदराची सुट्टी

शालनमावशी फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत. फोन उचलला की पलीकडून थेट वाक्य सुरू व्हायचं, “तुझं हे खोटं बोलतंय.” ‘हे’ म्हणजे आमच्या कंपनीचं ॲप. मी गाडी चालवत असेन, मीटिंगमध्ये असेन, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेली असेन, त्यांना काही फरक पडत नसे.

“कशावरून मावशी?”

“माझ्या डोळ्यांवरून.”

मग त्या थांबत. टेक्सासमधल्या एका हायस्कुलात त्यांनी कित्येक वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं, आणि प्रश्न टाकल्यावर समोरच्याच्या तोंडून उत्तर निघेपर्यंत गप्प राहायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. मी मुळात कमी बोलणारी. त्यामुळे आमच्या फोनवर बराच वेळ नुसता वारा ऐकू यायचा, आणि त्या वाऱ्यात मधूनच एखादा हंबर.

मी शुगर लँडला राहते आणि ह्यूस्टनजवळच्या एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही गुरांच्या गळ्यात घालायचे पट्टे बनवतो. पट्ट्याला खाली एक डबी असते. जनावर किती चाललं, किती चरलं, किती वेळ रवंथ केलं, सावलीत बसलं की उन्हात फिरलं, हे ती डबी मालकाच्या फोनवर पाठवते. रवंथ कमी झालं की जनावर आजारी पडणार, हे डोळ्यांना दिसायच्या आधी कळतं. मी पुण्यात इंग्लिश मीडियममध्ये शिकले. नोकरी लागेपर्यंत गाय माझ्यासाठी रस्त्यात आडवी बसणारी आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या खाणारी एक गोष्ट होती. पण ऑफिसात मराठी येणारी मी एकटीच, म्हणून शालनमावशींचं खातं माझ्याकडे आलं. आधीच्या मुलाला त्यांनी फोनवर रडवलं होतं, असं मला नंतर कळलं.

शुगर लँडहून पश्चिमेला निघालं की घरं संपतात, मग दुकानं संपतात, मग नुसतं गवत आणि तारेचं कुंपण उरतं. तिथं त्यांचं रँच होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा फाटकापाशी आपल्या यजमानांचा, माने काकांचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, जीन्स, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर मोठी हॅट आणि कपाळावर टिकली अशा त्या उभ्या होत्या. काका जाऊन तोपर्यंत काही वर्षं झाली होती. त्यांचे शर्ट मात्र रोज धुतले जात होते.

“पुण्याची ना तू? मग आधी पाणी पी. पुण्याची माणसं विचारल्याशिवाय मागत नाहीत आणि विचारलं तर नको म्हणतात.”

मी नको म्हणणारच होते.

ही जमीन माने काकांनी घेतली तेव्हा ते तेलकंपनीत इंजिनिअर होते. जमिनीवर गुरं असली की टॅक्स कमी लागतो, म्हणून त्यांच्या ओळखीतले दोन-चार डॉक्टर आणि इंजिनिअर शनिवार-रविवारचे शेतकरी झाले होते. काकांनीही कुठूनतरी पाच-सहा गाई आणून सोडल्या. मावशी एका शनिवारी त्या गाई बघायला आल्या, कुंपणाशी उभं राहून बघितलं आणि म्हणाल्या, “ह्या गाई आहेत का उसन्या आणलेल्या खुर्च्या?” त्यांचं माहेर कराडकडचं. वडिलांच्या दारात खिलार बैल असायचे. पुढच्या वर्षभरात त्यांनी त्या गाई विकून टाकल्या आणि ब्राह्मन जातीची गुरं आणली. आपल्याकडच्या गीर, कांकरेज, ओंगोल अशा गुरांपासून अमेरिकेत तयार केलेली ही जात. मोठं वशिंड, लांब लोंबते कान, राखाडी अंग, आणि टेक्सासच्या उन्हाला न घाबरणारी कातडी. त्यांच्याकडचे वळू पैदाशीसाठी दूरदूर जात. मराठी मंडळातल्या बायका त्यांना म्हणत, “शालन, शेणच काढायचं होतं तर कराड काय वाईट होतं?” मावशी म्हणत, “तिथं माझ्या नावावर शेण नव्हतं.”

वळूंची नावं हा त्यांचा स्वतंत्र उद्योग होता. सरकारी कागदावर प्रत्येकाला नंबर असे, कानात बिल्ला असे, पण हाक मारायची नावं सगळी सासरच्या पुरुषांची. मामंजी, थोरले भाऊजी, धाकटे भाऊजी, नणंदेचे यजमान, आत्तेसासऱ्यांचे जावई. ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नव्हता, त्यांना त्या आता काठीने ढोसत. “भाऊजी, सरका की जरा.” “मामंजी, तंगडी उचला.” रँचवर कामाला असलेला डेल नावाचा साठीचा टेक्सन ही सगळी नावं गंभीरपणे उच्चारी. त्याला अर्थ माहीत होता. “माझ्या सासऱ्याच्या नावाचा एक वळू मलाही हवा आहे, मॅम,” असं तो एकदा म्हणाल्याचं मावशी फार आनंदाने सांगत.

यावरून त्या गुरांबद्दल हळव्या असतील असं वाटेल. तशा त्या अजिबात नव्हत्या. विकण्याआधी पशुवैद्य येऊन प्रत्येक वळूची तपासणी करत असे. चाल, पाय, वृषणांचं माप, वीर्याची चाचणी. त्यात नापास झालेला वळू महिनाभरही रँचवर राहत नसे. तो कुठे जातो, हे मी एकदा विचारलं. त्यांनी एका शब्दात सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, “जेवताना कशाला विचारतेस?” गॅरेजमध्ये द्रवरूप नायट्रोजनची टाकी होती, तिच्यात नामांकित वळूंच्या वीर्याच्या कांड्या गोठवून ठेवलेल्या, आणि टाकीच्या शेजारी कैरीच्या लोणच्याची बरणी. दोन्हींना डेलने हात लावायचा नाही, असा नियम होता.

पट्टे त्यांनी स्वतःहून घेतले नव्हते. आदल्या वर्षी एका कालवडीने त्यांना लोखंडी कठड्यावर दाबलं, खुब्याचं हाड मोडलं. डेल येईपर्यंत त्या तशाच पडून होत्या. तेव्हापासून त्या डावीकडे थोड्या झुकून चालत. त्यांचा एकुलता मुलगा निखिल सनीव्हेलला चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. इथंच जन्मलेला, मराठी समजणारा, बोलताना मात्र दर वाक्याला दमणारा. मी पट्टे बसवायला गेले त्या दिवशी तो स्पीकरवर होता.

“मॉम, वी हॅव अ डील, राइट? हिच्यासमोर सांग.”

“सांगायला काय झालं. पट्टे घालायचे, म्हणजे मी रोज उठून वळूंच्यात शिरायचं नाही. फोनवर बघायचं. आणि ऑक्टोबरात हॉलिस सगळे वळू घेऊन गेला, तर मी इथं राहणार.”

“अँड इफ नॉट?”

मावशी एका पट्ट्याचं बक्कल उघडून बघू लागल्या.

“इफ नॉट, जमीन सोलरवाल्यांना लीजवर, अँड यू कम टू मी. मॉम, से इट.”

“ऐकू आलं तिला. बहिरी नाहीये ती.”

हॉलिस म्हणजे दक्षिण टेक्सासातला एक मोठा गुरंवाला. त्याच्या रानात मैलोनमैल सावली नाही. भर दुपारी झाडाखाली बसणारा वळू त्याला नको होता, उन्हातही चरत राहणारा हवा होता. आणि ते त्याला तोंडी नको होतं. मे ते ऑक्टोबर, प्रत्येक वळूचे पट्ट्यातून आलेले आलेख बघून तो ठरवणार होता. ते चांगले निघाले तर सगळी तुकडी उचलायची त्याची तयारी होती. म्हणजे मावशींचं त्या घरात राहणं त्या डब्यांवर आलं होतं, आणि डब्यांची जबाबदारी माझ्यावर.

पट्टे घालताना एकेक वळू लोखंडी पिंजऱ्यात यायचा, मान अडकवली जायची, आणि मी बक्कल लावायचे. प्रत्येक डबीवर बारीक नंबर. कोणत्या नंबरची डबी कोणत्या कानाच्या बिल्ल्याला, याची नोंद मी लगेच ॲपमध्ये करत होते. मावशी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “तू बोलत नाहीस फार. बरं आहे. वळूंना बडबडी माणसं सोसत नाहीत.” त्यांच्याकडून मला मिळालेली ती एकमेव शाबासकी.

मग जून आला आणि फोन सुरू झाले.

मामंजी हा त्यांचा सगळ्यात देखणा वळू. रुंद छाती, सरळ पाठ, वशिंड असं की फोटोत सुद्धा मावू नये. तीन पिढ्यांच्या निवडीतून हा उतरला, असं त्या सांगत. ॲप म्हणत होतं की मामंजी सकाळी उन्हं चढली की झाडाखाली बसतात आणि संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. उलट थोरले भाऊजी, हाडं वर आलेला, मान खाली घालून चालणारा एक साधा वळू, दुपारभर चरत होता.

“तुझं हे खोटं बोलतंय. मामंजी बसणाऱ्यातले नाहीत.”

“मावशी, तुम्ही दुपारी बघितलंत का?”

“मला वळूंच्यात जायला बंदी आहे ना. तूच साक्षीदार आहेस.”

मी डबी तपासली. डबी ठीक होती. मी तसं सांगितलं. त्यांनी मला खिलार बैलांच्या खांद्यांविषयी एक लांबलचक गोष्ट सांगितली आणि फोन ठेवला.

जुलैत एका दिवशी सगळ्या वळूंचे आलेख एकदम सपाट झाले. मला वाटलं, टॉवर बंद पडला. फोन केला.

“टॉवरला काय झालंय? बेंदूर आहे.”

मला बेंदूर माहीत नव्हता. पोळा माहीत होता, तोही कॅलेंडरवर छापलेला. मावशींनी मला समजावलं की त्यांच्याकडे पोळा नाही, आषाढात बेंदूर असतो. आदल्या दिवशी खांदेमळणी, बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं. बेंदराला आंघोळ, शिंगांना रंग, पुरणपोळी, आणि त्या दिवशी बैलाच्या अंगावर कामाचं काही ठेवायचं नाही. “त्यांना सुट्टी असते. मग गळ्यात ऑफिस कशाला?” डेलच्या मदतीने त्यांनी सगळे पट्टे काढून कुंपणावर टांगले होते. डेलने त्यांना दोन्ही दिवस पिंजरा उघडून दिला होता आणि पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. इतक्या वर्षांत एकदाही बेंदूर चुकला नव्हता. काका गेले त्या वर्षी सुद्धा.

“मावशी, मी सांगितलं होतं ना, पट्टे काढायचे नाहीत म्हणून.”

“परत घालणार आहे. संध्याकाळी.”

“ज्याचा त्यालाच घाला. नंबर बघून. मी यादी पाठवते.”

“यादी कशाला? कुंपणावर ओळीने लावलेत. माझी माणसं मला माहीत आहेत.”

मी यादी पाठवली. त्यांनी ती उघडली नाही, हे मला माझ्या फोनवर दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मामंजी उन्हात चरू लागले आणि थोरले भाऊजी झाडाखाली बसले. आलेखात दोन रेषा बेंदरापर्यंत एकमेकींपासून लांब होत्या, आणि बेंदरानंतर त्यांनी जागा बदलल्या होत्या. आणखी काही जोड्यांचंही तसंच असावं असा मला संशय आला, पण इतकं ठळक नव्हतं. मी मावशींना फोन केला. पहिल्यांदाच मी आधी केला.

“बघितलंस?” त्या म्हणाल्या. आवाजात इतका आनंद होता की मला पुढचं बोलवेना. “मी म्हणत होते की नाही? आता कसं सुधारलं तुझं मशीन.”

“मावशी, मशीन सुधारलं नाही. पट्टे बदलले गेलेत.”

वारा.

“नाही बदलले.”

“एकदा पिंजऱ्यातून काढू या सगळ्यांना. डबीचा नंबर आणि कानाचा नंबर बघायचा. एका सकाळीत होईल. मी येते.”

“ह्या उन्हात पिंजऱ्यात घालून त्यांचं वजन उतरवू? हॉलिसला काय हाडं दाखवू?”

हे खरंही होतं. टेक्सासच्या जुलै-ऑगस्टमध्ये गुरांना उगाच हाताळत नाहीत. पण त्यांनी ते उत्तर इतक्या चटकन दिलं की ते आधीपासून तयार होतं हे मला कळलं. मी ऑफिसात सांगितलं. ग्राहकाने पट्टा हलवला तर जबाबदारी ग्राहकाची, असं उत्तर मिळालं. मी पुन्हा फोन केला, पुन्हा केला. दर वेळी ऊन होतं. मला राग यायचा, आणि मोठ्या माणसांशी रागाने बोलायची सवय नसल्यामुळे तो राग गाडीत एकटी असताना मोठ्याने निघायचा. मी इतकं सोपं काहीतरी सांगत होते. नंबर बघा. बस.

ते सोपं का नव्हतं, हे मला सप्टेंबरच्या सुरुवातीला कळलं. मी न विचारता रँचवर गेले. मावशींना म्हटलं, आपण पिकअपमध्ये बसून दुपारी बघू, एसी लावून, खाली उतरायचं नाही. त्या तयार झाल्या. बहुधा मी हुकूम सोडल्यासारखं बोलले म्हणून.

कुरणाच्या कडेला गाडी लावून आम्ही बसलो. माझ्या मांडीवर ॲप उघडं होतं. ॲपमध्ये मामंजी चरत होते. समोर, ओकच्या झाडाखाली, मामंजी पाय दुमडून बसले होते, डोळे मिटून, कान हलवत. दूर उन्हात एक हाडकुळा वळू मान खाली घालून एकेक पाऊल पुढे सरकत होता. मावशींनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

“आज ऊन जास्त आहे,” त्या म्हणाल्या.

“मावशी.”

“मी ओळीने लावले होते.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “डावीकडून. मामंजी पहिले, मग भाऊजी, मग... मला ओळ पाठ होती. घालताना सुद्धा पाठ होती.” मग त्या शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, “हे निखिलला कळलं तर तो काय म्हणेल? सांग.”

मी मांडीवरचं ॲप बंद केलं.

“म्हणेल, मॉमला आठवत नाही. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा घाबरला नसेल एवढा घाबरेल. हाड जुळतं.”

त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही. तो दोन आठवड्यांनी आला, जेव्हा उष्मा जरा उतरल्यावर त्यांनी फोन करून सांगितलं की आता काळजी नको, सगळं नीट केलंय.

“नीट म्हणजे?”

“बदलले. मामंजींचा भाऊजींना, भाऊजींचा मामंजींना. आणि आणखी चार-पाच मला शंका होती तेही बदलले. डेल होता.”

“बदलायच्या आधी नंबर बघितलेत?”

वारा.

“मावशी, आधी कोणाचा कोणाला होता ते लिहून ठेवलंत?”

“नीट झालंय म्हटलं ना.”

मी फोन ठेवून पार्किंग लॉटमध्ये किती वेळ उभी होते कोण जाणे. त्यांनी पट्ट्यांना पुन्हा हात लावेपर्यंत सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. पट्टे एकदाच बदलले गेले होते, त्यामुळे नुसते नंबर वाचले असते तर बेंदरानंतरची सगळी माहिती ज्या त्या वळूच्या नावावर लावता आली असती. आता चूक झाकायला त्यांनी दुसऱ्यांदा हात घातला होता आणि मधले सगळे आठवडे कोणाचे, हे जगात कोणालाच सांगता येणार नव्हतं. मला अंदाज बांधता आला असता. पण हॉलिसला अंदाज नको होते, तेवढ्यासाठीच तर पट्टे घातले होते.

ऑक्टोबरात हॉलिस आला. मोठा ट्रेलर घेऊन, सोबत कोणी नाही, बोलायला हळू आणि सभ्य. निखिल आदल्या दिवशी विमानाने आला होता. मावशींनी पोहे केले होते, चहा केला होता, नवा शर्ट घातला होता, म्हणजे काकांचाच, पण घडी न मोडलेला. गोठ्याच्या बाहेर पिकअपच्या मागच्या फळीवर मी लॅपटॉप ठेवला. मावशींनी मला काय दाखवायचं ते सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी काय करणार होते, हे मला अजूनही माहीत नाही. मी मामंजींचा आलेख उघडला. हॉलिस वाकून बघू लागला. सुरुवातीचा भाग फिका होता, पण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, ऐन उन्हाच्या दिवसांत, दुपारच्या रकान्यात चरण्याची हिरवी पट्टी भरगच्च होती.

“काय जनावर आहे,” तो म्हणाला आणि पिंजऱ्यातल्या मामंजींकडे बघितलं. मामंजी खरोखरच सुंदर दिसत होते. “दिसायलाही, आणि कामालाही.”

“तो आलेख त्याचा नाही,” मावशी म्हणाल्या.

त्या इंग्रजीत बोलल्या, वर्गात बोलत असतील तशा, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा.

हॉलिसने माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे.

“मुलीची चूक नाही. पट्टे मी काढले आणि मीच चुकीचे घातले. मग मीच पुन्हा बदलले. हा वळू दुपारी झाडाखाली बसतो. मी स्वतः बघितलंय. तुम्हाला हवा तो हा नाही.”

“मग तो कोणता?”

“तो.” त्यांनी थोरल्या भाऊजींकडे बोट दाखवलं. “तोही मी डोळ्यांनी बघितला. एक दुपार.”

“आणि बाकीचे?”

इथं त्या थांबल्या. पहिल्यांदाच मी त्यांना स्वतःच्या उत्तरासाठी थांबलेलं बघितलं. निखिल फळीला टेकून उभा होता, हातात चहाचा कप.

“बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “मला आठवत नाही.”

हॉलिसने माझ्याकडे वळून विचारलं, कागद आहेत का, नोंद आहे का, यातून काही सावरता येईल का. मी सांगितलं की अंदाज करता येईल. त्याने मान हलवली. थोरल्या भाऊजींना तो घेऊन गेला. “तुम्ही स्वतः बघितलेला आहे म्हणून,” असं म्हणून. बाकीची तुकडी त्याने सोडली. जाताना त्याने पोह्यांची कृती विचारली आणि मावशींनी ती सांगितली, मोहरी केव्हा टाकायची ते दोनदा.

ट्रेलर रस्त्याला लागल्यावर निखिल म्हणाला, “मॉम, इट्स ओके.”

“काय ओके?”

“यू वर ऑनेस्ट. आय ॲम प्राउड ऑफ यू.”

“माझं कौतुक करू नकोस. भांड माझ्याशी. पट्टे काढल्याबद्दल शिव्या दे. मी काय केजीतली पोर आहे का, खरं बोलले म्हणून चॉकलेट द्यायला?”

तो भांडला नाही. त्याने त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो सोडवून घेतला. मी लॅपटॉप बंद करून गाडीत ठेवला, आणि घरी जाताना त्या तिघांवर, म्हणजे मावशींवर, निखिलवर आणि त्या सभ्य हॉलिसवर, एकामागून एक चिडत गेले. एक सकाळ. जुलैतली एक सकाळ आणि एक पेन लागला असता.

गुरं हिवाळ्यात गेली, थोडी इकडे, थोडी तिकडे. मामंजी शुगर लँडच्याच एका डॉक्टरने घेतले, टॅक्ससाठी. त्यांच्याकडे भरपूर सावली आहे, असं मावशींनी मला समाधानाने सांगितलं.

आमच्या कंपनीचे पट्टे परत घ्यायला मी शेवटची गेले तो दिवस त्यांच्या निघण्याचा होता. निखिलची भाड्याची गाडी दारात उभी होती, मागे बॅगा. तो स्टिअरिंगवर बसून घड्याळ बघत होता. विमानाची वेळ होत आली होती. मावशी घरात नव्हत्या. समोरच्या कुरणात सोलर कंपनीने खुणांचे खुंट ठोकले होते आणि नमुन्याचा एक सांगाडा उभा केला होता, वर तिरकी काळी पाटी. त्या पाटीखाली मावशी वाकून उभ्या होत्या, एक हात दुखऱ्या खुब्यावर, दुसरा हात वर पाटीला लावलेला. शेजारी पिवळी टोपी घातलेला कंपनीचा मुलगा गोंधळून त्यांच्याकडे बघत होता.

“वळू नाही मावणार,” मला बघताच त्या म्हणाल्या. “वशिंड घासेल. पण हा म्हणतो खालचं गवत कापायला ते मेंढ्या सोडतात. मेंढ्या कोणाच्या, ते अजून ठरलेलं नाही.”

“मावशी, निखिल थांबलाय.”

“थांबू दे. मेंढ्यांसाठी बनवता का गं तुम्ही पट्टे? लहान?”

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. निखिलने हॉर्न वाजवला. मावशींनी त्याच्याकडे वळूनही न बघता हात वर केला, वर्गाला गप्प करतात तसा, आणि त्या पिवळ्या टोपीवाल्याला इंग्रजीत विचारलं की ही खालची कड आणखी वीतभर उंच घेतली तर तुमच्या कंपनीचं काय बिघडणार आहे. मग त्या उत्तरासाठी थांबल्या.